वाणसामानाची यादी

महिन्याच्या वाणसामानाची यादी हा मराठी घरातला फार महत्त्वाचा कागद. पगाराच्या आधी दोन-तीन दिवस ती तयार होई आणि पगार हातात पडला की वाण्याकडे जाई. घरात माणसे किती, त्यांत म्हातारी-कोतारी कोण, महिन्यात सण कोणता, पाहुणे येणार का आणि हाताशी पैसे किती, हे सगळे त्या एका कागदात उतरलेले असे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात जन्मलेल्या पिढीने ही यादी पेन्सिलीने लिहिली. त्याच पिढीची माणसे आज मोबाइलच्या पडद्यावर साखरेचे पाकीट शोधतात. या एका आयुष्यात यादीतली मापे बदलली, नावे बदलली, सामान येण्याची वाट बदलली. सगळ्यांत मोठा बदल मात्र हा, की घरात काय आणायचे हे ठरवण्याचे काम हळूहळू घराबाहेर गेले.

जुनी यादी बहुधा कॅलेंडरच्या उलटलेल्या महिन्याच्या पाठीवर नाहीतर वहीच्या उरलेल्या पानावर लिहिली जाई. वर मधोमध ‘श्री’. त्याखाली धान्ये, मग डाळी, मग गूळ, साखर, चहा, मग तेल, मग मसाल्याचे जिन्नस आणि अगदी शेवटी साबण, काड्यापेट्या, उदबत्ती. हा क्रम फळीवरच्या डब्यांचा असे. घरातली बाई एका टोकापासून डबे उघडत जाई, किती उरले ते बघे, तेवढे वजा करून आकडा सांगे आणि शाळेत जाणारे पोर तो लिहून घेई. श्रावणात साबुदाणा, वरी आणि शेंगदाणे वाढत. दिवाळीच्या महिन्यात रवा, बेसन, पोहे यांचे आकडे दुप्पट होत आणि त्यासाठी आधीच्या महिन्यात कशाला तरी कात्री लागे. बेरीज पैशांत बसली नाही तर खोडाखोड सुरू होई. आधी काजू-बेदाणे जात, मग वेलदोडे, मग चहा पावकिलोने कमी होई. डाळ-तांदळाला सहसा हात लागत नसे.

दुकानात गेल्यावर यादी वाण्याच्या हाती पडे. तो एकेक जिन्नस वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दोरा गुंडाळी, पुड्यांवर नाव टाकी आणि रक्कम वहीत मांडून ठेवी. घर त्याच्या ओळखीचे असे, अडीअडचणीला तो उधार देई. पण याच उधारीमुळे गिऱ्हाईक बांधलेही जाई. खाते एका दुकानात असले की दुसऱ्या दुकानातला भाव विचारण्याची सोय राहत नसे. काटा मारला तर बोलायचे कसे, डाळीत खडे निघाले तर परत न्यायची कशी, हा संकोच असे. म्हणजे काय आणायचे हे घर ठरवी, पण वजन, भाव आणि प्रत दुकानदाराच्या हातात राही. पुढच्या काळाने ही दुसरी बाजू बरीच सुधारली, हे आधी मान्य केले पाहिजे.

पहिला बदल मापांचा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर जाऊन किलो आला. शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. त्यामुळे शेराच्या जागी किलो लिहिताना दर महिन्याला वस्तू थोडी जास्त येई आणि पैसेही थोडे जास्त पडत. घरोघरच्या बायकांनी पावशेर, अदपाव आणि छटाक यांचे ग्रॅम तोंडी करून टाकले. आईने शेरात सांगायचे आणि मुलीने किलोत लिहायचे, असा दुभाषी कारभार काही वर्षे चालला.

यादीचा दुसरा भाग रेशनचा होता. मुंबईत रेशनिंग १९४३ मध्ये, महायुद्धाच्या काळात आले आणि नंतर अनेक दशके साखर, तांदूळ, गहू आणि रॉकेल यांचा हिशेब शिधापत्रिकेवर झाला. रेशनवर काय येईल ते आधी बघायचे आणि उरलेले खुल्या बाजारातून आणायचे, अशी यादीची रीत पडली. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली, ते तिची चव अजून सांगतात. त्याच वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांच्या मागे हजारो बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. घरातल्या यादीचा हिशेब जुळेना, तेव्हा त्याचा जाब सरकारला विचारला गेला.

सहकारानेही याच प्रश्नाला उत्तर शोधले. मुंबईत गिरणगावातल्या नायगावात १९४८ मध्ये कामगारांची ग्राहक सहकारी संस्था निघाली, तीच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून वाढली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर यादीलाच संघटनेचे रूप दिले. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, छापील पत्रकावर महिन्याची मागणी भरून द्यायची, पंचायतीने घाऊक भावात एकत्र खरेदी करायची आणि सभासदांनी आपसांत वाटप करून घ्यायचे. मागणी आधी, खरेदी नंतर, हे या पद्धतीचे सूत्र. त्यात दलालाचा नफा वाचे, आणि त्याहून मोलाचे म्हणजे घरात बसून, विचार करून लिहिलेल्या मागणीला किंमत राही.

करमणुकीच्या वाटेने आलेला बदल सावकाश आला. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. १ जानेवारी १९७६ पासून त्या दूरदर्शनवर दिसू लागल्या. तोवर यादीत वस्तूंची नावे होती: कपड्याचा साबण, चहा, बिस्किटे. आता तिथे कंपन्यांची नावे आली. ‘धुण्याची पावडर’ जाऊन ‘निरमा’ आली, बिस्किटांच्या जागी ‘पार्ले-जी’ लिहिले गेले आणि ऐंशीच्या दशकात मुलांच्या हट्टाने ‘मॅगी’ला जागा मिळाली. आतापर्यंत यादी लिहून घेणारे पोर आता यादीत भर घालू लागले. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट पाहायला अख्खे घर, कधी अख्खी चाळ, एका टीव्हीसमोर जमे. अधूनमधून लागणाऱ्या जाहिराती पोरांना तोंडपाठ होत आणि सोमवारी दुकानात त्यांचा उच्चार होई.

पाकीटबंद मालाने काही चांगलेही केले. वजन छापलेले, तारीख छापलेली आणि १९९० पासून कमाल किरकोळ किंमतही छापलेली. भावाची घासाघीस संपली आणि न बोलणाऱ्या गिऱ्हाईकालाही बोलणाऱ्याइतकाच भाव मिळू लागला. मग पाकिटावर काळ्या रेघांची पट्टी आली. भारतात नोंदवलेल्या कंपन्यांच्या पट्टीचा आकडा ८९० ने सुरू होतो. बिल यंत्रावर निघू लागले आणि बेरजेतली चूक गेली. पण या पट्टीने आणखी एक गोष्ट सुरू केली. कोणती वस्तू कधी, किती आणि कशाबरोबर विकली गेली याची नोंद आपोआप साठू लागली. वाण्याच्या वहीत घराचे देणे होते. या नव्या नोंदीत घराच्या सवयी होत्या.

२००२ मध्ये पवईला डी-मार्टचे पहिले दुकान उघडले आणि पुढच्या काही वर्षांत मोठ्या शहरांपासून तालुक्याच्या गावांपर्यंत अशी दुकाने पोहोचली. काउंटर गेला. गिऱ्हाईक स्वतः ढकलगाडी घेऊन फळ्यांमधून फिरू लागले. छापील किमतीपेक्षा कमी भाव, वस्तू हातात घेऊन पाहण्याची मुभा, रविवारची सहकुटुंब चक्कर, सगळे हवेहवेसे होते. इथे यादी खिशात राहू लागली. डोळ्यांसमोर जे येईल ते गाडीत पडू लागले आणि घरी आल्यावर कळू लागले की तीन नव्या गोष्टी आल्या, पण मोहरी राहिली. अशा दुकानात फळ्यांची मांडणी विक्रीचा विचार करून केलेली असते. रोजच्या वस्तूपर्यंत जाताना बाकीचे सगळे नजरेखालून जावे आणि डोळ्यांच्या उंचीवर जास्त नफ्याचा माल यावा, हे त्या मांडणीमागचे गणित.

मग दुकान फोनमध्ये आले. २०१६ हे त्यातले वळणाचे वर्ष. एप्रिलमध्ये यूपीआय सुरू झाले, सप्टेंबरमध्ये जिओच्या सेवेमुळे इंटरनेट झपाट्याने स्वस्त झाले आणि नोव्हेंबरच्या नोटाबंदीने लोकांना फोनवरून पैसे देण्याकडे ढकलले. भाजीच्या गाडीवर क्यूआर कोडची पाटी लागली आणि सुट्ट्या पैशांऐवजी हातावर चॉकलेट ठेवण्याची पद्धत मागे पडली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तर हाताने लिहिलेल्या यादीला काही महिने पुन्हा मान आला. घरोघरी कागदावर यादी लिहिली गेली, तिचा फोटो व्हॉट्सॲपवर नाक्यावरच्या दुकानदाराला गेला आणि त्याने सामान सोसायटीच्या फाटकापाशी आणून ठेवले. तंत्रज्ञान नवे होते, पण यादी घराची आणि दुकानदार ओळखीचा होता. दोन्ही चांगल्या गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे त्या दिवसांनी दाखवले.

२०२१ नंतर दहा मिनिटांत सामान पोहोचवणाऱ्या सेवा मुंबई-पुण्यात पसरल्या. वस्तीच्या आत लहान गोदामे असतात, तिथे गिऱ्हाईक जात नाही. मागणी येताच कामगार फळ्यांवरून वस्तू गोळा करतो आणि दुचाकीवरचा मुलगा ती दारात आणतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना, आजारी माणसांना, तान्हे मूल असलेल्या आईला ही सेवा मोठा आधार आहे. परदेशात राहणारा मुलगा पुण्या-नाशिकच्या आईवडिलांकडे तांदूळ आणि औषधे तिथून पाठवू शकतो, ही लहान गोष्ट नव्हे.

पण या दुकानाचा पडदा जरा जवळून पाहावा. साखर शोधली तर पहिली दिसणारी साखर अनेकदा त्या जागेचे पैसे भरलेल्या कंपनीची असते. ती टोपलीत टाकताच खाली ‘याबरोबर लोक हेही घेतात’ अशी ओळ उमटते. रक्कम घरपोच फुकट मिळण्याच्या मर्यादेपेक्षा थोडी कमी भरली की तेवढ्यासाठी आणखी काहीतरी घ्यावेसे वाटते. शेवटच्या पायरीवर हाताळणीचा आकार, पिशवीचा आकार, पावसाचा आकार दिसतो. पुढच्या वेळी ॲप उघडले की मागच्या खरेदीवरून बनवलेली यादी तयार असते. ती सोयीची खरीच. पण फळीवरच्या डब्यात किती उरले, हे तिला ठाऊक नसते. या महिन्यात हात आखडायचा आहे, हेही ठाऊक नसते. आणि वस्तू दहा मिनिटांत येणार म्हटल्यावर महिन्याचा विचार करण्याची गरजच उरत नाही. एकेका वेळची रक्कम लहान, म्हणून जाणवत नाही. महिन्याची बेरीज कोणी मांडत नाही.

करमणुकीतही हेच घडले. आकाशवाणीच्या ‘आपली आवड’मध्ये श्रोते पत्र लिहून गाणे मागत. ती घराची मागणी होती. आज एक भाग संपण्याच्या आत पुढचा सुरू होतो आणि काय पाहावे याची शिफारस मागच्या पाहण्यावरून होते. त्याच पडद्यावर, त्याच फोनवर, मधल्या जाहिरातीवर बोट ठेवताच वस्तू मागवता येते. पाहणे आणि विकत घेणे यांच्यामध्ये पूर्वी एक रात्र, एक रस्ता आणि घरातल्या कोणाचा तरी एक प्रश्न असे: ‘लागणार आहे का हे?’ ते अंतर आता उरले नाही.

कायद्याने याची दखल घेतली आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि ई-कॉमर्सचे २०२० चे नियम यांनी ऑनलाइन विक्रेत्यांना माहिती देण्याचे आणि तक्रार ऐकून घेण्याचे बंधन घातले. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांना मनाई केली. खोटी घाई दाखवणे, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणे, जास्तीचे आकार शेवटी उघड करणे हे त्यांतले काही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मात्र कायदा फसवणूक रोखू शकतो. गरज किती आणि हौस किती, हे त्याला ठरवता येत नाही.

या साऱ्या प्रवासात ग्राहकाने पुष्कळ कमावले: खरे वजन, छापील भाव, भरपूर निवड, घरपोच माल, तक्रारीचा हक्क. यांतले काहीही सोडण्याचे कारण नाही. गमावले ते एवढेच: खरेदीच्या आधी घरातल्या माणसांनी एकत्र बसून केलेला विचार. तो परत आणायला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. महिन्यातून एकदा डबे उघडावेत, उरलेले पाहावे, कागदावर किंवा फोनमध्ये यादी लिहावी, रक्कम ठरवावी आणि मगच दुकानात जावे किंवा ॲप उघडावे. यादीत नसलेली वस्तू पुढच्या यादीपर्यंत थांबवावी. आणि घरातल्या मुलांना हे काम द्यावे. घरखर्चाचे शिक्षण याहून चांगले दुसरे मिळणार नाही.