मोतीचं मुसकं

मुलांनो, आपलं घरच मोटारीमागे जोडून फिरायला निघालं तर? माझी ताई ऑस्ट्रेलियात, पर्थला असते. एका सुट्टीत मी तिच्याकडे गेले, तेव्हा आम्ही अशीच ‘कॅराव्हॅन’ जोडून नलारबॉरच्या मैदानात गेलो. सोबत भाची आणि तिचा कुत्रा मोती. घाई कुणालाच नव्हती. बॅलाडोनिया आणि कायगूना यांच्यामधला १४६.६ किलोमीटरचा रस्ता म्हणजे सरळ रेघ! जवळजवळ पुणे-मुंबईएवढं अंतर नि एकही वळण नाही. पुढे समुद्रकाठचं युक्ला. तिथलं १८७७ सालचं तारघर वाळूच्या टेकड्यांनी गिळलंय.

एवढं मोकळं रान, पण मोतीला मोकळं सोडायचं नाही! का? युरोपियनांनी शिकारीच्या हौसेपायी आणलेले कोल्हे तिथले छोटे प्राणी फस्त करतात. त्यांना मारायला मांसात ‘१०८०’ नावाचं विष घालून रानात टाकतात. गंमत बघा, तेच विष पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या काही झुडपांतही असतं. त्यामुळे तिथल्या बऱ्याच प्राण्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या पचत आलंय. कुत्र्याला मात्र नाही. आणि त्यावर उताराही नाही.

म्हणून मोतीला मुसकं, आपल्याकडे मळणीच्या बैलाला घालतात तसं. बिचारा रुसलाच. एकदा रस्त्याकडेच्या झुडपाखाली काहीतरी सुकलेलं दिसलं नि तो तिकडे झेपावला. “मोती, मागे!” म्हणत भाचीनं अशी दोरी ओढली की दोघंही वाळूत! ते काय होतं, देव जाणे. कुणी हात लावला नाही.

रात्री कॅराव्हॅनचं दार लागलं की मुसकं निघे. मग स्वारी थेट माझ्या पांघरुणावर!