चौदा आणि चार

निपाणीहून बेळगावला जाणे आम्हां सीमाभागातील माणसांना नवे नाही. कोर्टाचे काम, खात्याची तपासणी, लग्नाचा बस्ता, आजारपण. कारण कोणतेही असो, महामार्गाने पाऊणशे किलोमीटर जायचे आणि दिवेलागणीला परतायचे. तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी, यमकनमर्डी, काकती ही नावे आम्हांला पाढ्यांसारखी पाठ आहेत. परंतु गेल्या श्रावणात एका नऊ वर्षांच्या विद्यार्थ्याला शेजारी बसवून आम्ही जो प्रवास केला, तो अजून मनातून जात नाही.

हा मुलगा आमच्या सरकारी मराठी शाळेत चौथीत शिकतो. आई विड्या वळते, वडील तंबाखूच्या वखारीत राबतात. थोरली बहीण कागल तालुक्यात दिलेली. रिवाजाप्रमाणे पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. १९५६ पूर्वी ही दोन्ही गावे मुंबई राज्यातच होती. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली आणि सासर-माहेराच्या मधून सीमा गेली. त्यामुळे या लेकीच्या पिशवीत दोन कार्डे होती. गरोदरपणातील नोंदींचे महाराष्ट्राचे मराठी कार्ड, आणि बाळाच्या लसींचे कर्नाटकाचे कन्नड कार्ड. या दुसऱ्याला इकडे ‘तायी कार्ड’ म्हणतात. तायी म्हणजे कन्नडमध्ये आई. आमच्या बायाबापड्या मात्र त्याला ‘ताई कार्ड’ म्हणतात, आणि आशाताईंनी दिले म्हणून ताई कार्ड, असा त्याचा अर्थ लावतात.

बाळ चार महिन्यांचे असताना त्याला जुलाब लागले. आई कामावर गेलेली, बहिणीला कन्नड येत नाही. म्हणून शाळेत कन्नड शिकणारा भाऊ दुभाषी होऊन जवळच्या एका दवाखान्यात गेला. पावसाळ्याची गर्दी होती. नर्सबाईंनी साखर-मिठाच्या पाण्याची पुडी दिली, आणि झिंकच्या गोळ्या दिल्या. अर्धी गोळी आईच्या दुधात विरघळवून रोज एकदा द्यायची, ‘हदिनाल्कु दिन’, म्हणजे चौदा दिवस. त्या कलकलाटात मुलाच्या कानी शब्दाची शेपटी तेवढी पडली : ‘नाल्कु’. नाल्कु म्हणजे चार. जुलाब थांबले, चार दिवस भरले, आणि उरलेल्या गोळ्या देवळीत पडून राहिल्या.

तीन आठवड्यांनी जुलाब पुन्हा लागले, आणि या वेळी बाळाचे डोळे खोल गेले. ते दूध ओढीना. निपाणीहून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर, बेळगावपेक्षा जवळ, आणि तेथील भाषाही आपली. परंतु चिठ्ठी बेळगावची मिळाली, आणि रात्रीतूनच बाळाला तिकडे हलवले. सकाळी हजेरी घेताना मुलगा दिसेना, म्हणून आम्ही घरी गेलो, तर तो उंबऱ्यात बसलेला. बाळाचे कपडे आणि भाकरीचे गाठोडे पोहोचवायचे होते; आईचा पाय घरातून निघत नव्हता. आम्ही ते काम पत्करले. मुलगा म्हणाला, “गुरुजी, मीबी येतो.”

तवंदीचा घाट उतरून संकेश्वर येईपर्यंत तो काही बोलला नाही. हिरण्यकेशीचे पाणी श्रावणात असते तसे गढूळ आणि दोन्ही तीर भरून चालले होते. पूल मागे पडला तेव्हा तो हळूच म्हणाला, “गुरुजी, नर्सबाई चौदा म्हणाल्या असतील. मी चारच सांगितलं.”

खोटा दिलासा देणे आम्हांला जमले नाही. आम्ही त्याला समजावले, की चौदा दिवस गोळी दिल्याने पुढचे दोन-तीन महिने जुलाब परतण्याचा संभव कमी होतो. पण पूर्ण दिली असती तरी ते परतले नसतेच, असे डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. आणि हे काम मोठ्या माणसांचे होते, ते त्याच्यावर टाकणे हीच आम्हां मोठ्यांची चूक. त्याने मान हलवली. त्याला पटले की नाही, ते आम्हांला कळले नाही.

रुग्णालयात बाळाला सलाईन लावले होते. शेजारच्या खाटेशी बैलहोंगलकडच्या एक अज्जी नातवाला घेऊन बसलेल्या. त्यांना मराठीचा गंध नाही. त्या आमच्या लेकीला पुन्हा पुन्हा विचारीत होत्या, “कूसु हालु कुडीतद?” ती बिचारी भांबावली होती. आपल्या भाषेत कूस म्हणजे उदर, आणि हाल म्हणजे हालच. कानडीत कूसु म्हणजे बाळ आणि हालु म्हणजे दूध. बाळ दूध पिते का, एवढाच त्या माउलीचा प्रश्न. तो कळताच लेकीचे डोळे भरून आले. दुपारनंतर बाळ पुन्हा दूध ओढू लागले, तेव्हा तिने आपणहून अज्जींना सांगितले, “हालु, हालु!” अज्जींनी बाळावरून हात ओवाळून कडाकडा बोटे मोडली.

परतताना आम्ही शब्दांचाच विचार करीत होतो. दवाखान्यातले कितीतरी शब्द या दोन भाषांत सख्ख्या बहिणींसारखे आहेत. ज्वर, वांती हे तर एकच. लसीला ते लसिके म्हणतात. पण ओळखीचा शब्दच कधी दगा देतो. कन्नडमध्ये वार म्हणजे आठवडा. बाळाच्या लसी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात असतात. ‘आरु वार’ ऐकून मराठी आईने वारांचा, म्हणजे दिवसांचा हिशेब धरला तर? घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांपासून बाळाला राखणारी लस त्याच तारखांना असते.

हा प्रश्न केवळ आमचा नाही. अमेरिकेत स्पॅनिश बोलणारे स्थलांतरित आईबाप तान्ह्या मुलाला घेऊन असेच गोंधळतात. तेथे सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयांवर दुभाषी पुरवण्याची जबाबदारी १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातून आली, आणि तातडीचा प्रसंग वगळता अल्पवयीन मुलाला दुभाषी करू नये, असा नियम २०१६ मध्ये झाला. तो वाचला तेव्हा आम्हांला बसमधला मुलगा आठवला. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. बालमृत्यू किती घटले ते १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने जगापुढे मांडले, आणि २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी फेऱ्या घालू लागल्या. त्या स्त्रिया आईच्या बोलीत बोलत होत्या, हे आम्हांला त्या यशाचे लहान कारण वाटत नाही.

सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. बाळाचा चौदावा आठवडा त्यासाठी थांबत नाही. म्हणून आमच्या शाळेतील कन्नडच्या शिक्षिकांनी एक तक्ता केला : ताप, जुलाब, दूध, थेंब, दिवस, आठवडा, महिना, आणि एक ते वीस आकडे, कन्नड उच्चार देवनागरीत, शेजारी मराठी अर्थ. शनिवारी शाळा सुटल्यावर आया येतात, आणि पोरेटोरे अंगणात खेळत असताना त्या मोठ्याने आकडे म्हणतात. आणखी तीन गोष्टी आम्ही त्यांना सांगतो. औषधाच्या पुडीवर दिवस आकड्यात लिहून घ्यावेत. ऐकलेले नर्सबाईंना परत म्हणून दाखवावे. त्या रागावत नाहीत, उलट चूक तेथेच सापडते. आणि सोबत मोठे माणूस न्यावे. बाळ दूध ओढीत नसेल, झटके येत असतील किंवा श्वास जलद चालत असेल, तर मात्र भाषेची वाट न पाहता तडक दवाखाना गाठावा.

बाळ बरे होऊन सासरी निघाले तेव्हा नवी अडचण उभी राहिली : कागलच्या बाजूच्या नर्सबाईंना हे कन्नड कार्ड कसे वाचता येणार? आम्ही त्यावर ओळीओळीने शिसपेन्सिलीने मराठी लिहून दिले. नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाच्या रकान्याशी आलो, तेव्हा कार्ड धरून उभा असलेला मुलगा म्हणाला, “ओंबत्तु तिंगळु. नऊ महिने.” मग क्षणभर थांबून त्याने तेच पुन्हा एकदा, सावकाश म्हटले.