ताल आधी येतो, दम मागून

घोडीचं हृदय ऐकताना घाई करून चालत नाही. तिच्या डाव्या अंगाला उभं राहायचं, तिला पुढचा पाय अर्धं पाऊल पुढे टाकायला लावायचं आणि कोपराच्या मागून स्टेथोस्कोप दंडाच्या जाड स्नायूखाली जाईल तेवढा पुढे सरकवायचा. पहिलं मिनिट हिशेबात धरायचं नाही. डॉक्टरच्या कपड्यांना औषधाचा वास असतो, तो येताच तिचं काळीज उगाच धावू लागतं. मोतद्दारानं मान थोपटली, कान सैल पडले, खालचा ओठ लोंबला की मग मोजायला लागायचं. निवांत उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला तीस ते चाळीस, म्हणजे माणसाच्या जवळपास निम्मे. दोन ठोक्यांमध्ये इतकी जागा असते की नवशिक्याला वाटतं, थांबलं की काय!

गंमत अशी की ते कधी कधी खरंच थांबतं. तालमीत तयार झालेल्या घोड्याचं हृदय विश्रांतीत तीन-चार ठोक्यांनंतर एखादा ठोका गाळतं. रक्तदाब हळूहळू चढतो, मेंदू व्हेगस मज्जातंतूचा लगाम खेचतो आणि वरच्या कप्प्यांनी दिलेली हाक खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचत नाही. कान तयार असेल तर त्या रिकाम्या जागेतही वरच्या कप्प्यांचा बारीक आवाज मिळतो. भजनातला पखवाजी खालीची मात्रा मोकळी सोडतो आणि तरीही ठेका कुठे आहे हे टाळकऱ्यांना ठाऊक असतं, तसंच हे. अशा घोड्याला थोडा वेळ दुडकीवर फिरवून आणलं की गाळलेला ठोका जागेवर येतो. हा आजार नव्हे. ही तब्येतीची खूण आहे.

आजार वेगळा ऐकू येतो. दोन ठोके लागोपाठ, मग लांब शांतता, मग तीन, पुन्हा एक. पुढचा ठोका कधी पडेल यावर पैज लावता येत नाही. वरच्या कप्प्यांचा तो बारीक आवाज तर नाहीसाच झालेला असतो, कारण ते कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरत असतात. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. माणसांनाही हे होतं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लंडनच्या थॉमस लुईस यांनी घोड्याच्या हृदयातली ही थरथर तपासली होती, आणि माणसाच्या बेताल नाडीमागेही हेच कारण आहे हे त्याच सुमारास पक्कं होत गेलं.

घोड्याला हे का होतं? तो घोडा आहे म्हणूनच. शर्यतीच्या घोड्याचं हृदय चार-पाच किलोंचं असतं, वरचे कप्पे ऐसपैस आणि व्हेगसचा लगाम घट्ट. कप्पा जितका मोठा, तितकी भरकटलेल्या विद्युतलहरींना गोल गोल फिरायला जागा जास्त. ज्या घडणीमुळे तो पळतो, त्याच घडणीत हा धोका बसलेला आहे. म्हणूनच अनेकदा हृदयात दुसरा काही दोष नसतानाही ताल सुटतो, आणि म्हणूनच बरं होण्याची आशाही मोठी असते.

पशुवैद्य म्हणून माझी फिरती पुणे जिल्ह्यातल्या शिरूर–न्हावरे–चौफुला या रस्त्याच्या दोन्ही अंगांना असते. पारगावला भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. हा भीमथडीचा मुलूख. इथल्या तट्टांचा उल्लेख आपल्या राज्यगीतात आहे आणि भीमथडी घोड्याला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यताही मिळाली. ही तट्टं आज मुख्यतः धनगरांच्या वाड्यांबरोबर संसार पाठीवर घेऊन चालतात. शिरूरच्या पश्चिमेला, पाबळ-केंदूरकडे गेलं की घोडीचं काम बदलतं. तिथे बैलगाडा शर्यतींचे चढाचे घाट आहेत. गाडा सुटला की बैलांच्या पुढे घोडी पळते आणि तिच्या मागे बैल जीव तोडून घाट चढतात. या एका धावेला बारी म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींना वाट देणारा कायदा उचलून धरला. शर्यती परतल्या, तशा घोड्याही घाटात परतल्या.

एका गाडामालकाची घोडी अशीच नावाजलेली. तिच्या मागे पळालेल्या बैलांनी घाट गाजवले होते. चिंचणीच्या घोड धरणाखालच्या गावात तिचा तबेला. मालकानं फोनवर सांगितलं, “डॉक्टर, घोडी बारीला पळतीय झ्याक, पण नंतर लवकर दम धरंना. परवा नाकातून जरासं रगतबी आलं.” एवढं ऐकलं आणि बॅगेत ईसीजीचं छोटं यंत्र आहे ना, ते आधी पाहिलं.

इथे एक गोष्ट गाडामालकांनी समजून घ्यायला हवी. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची इंडियन डर्बी २,४०० मीटरची, अडीच मिनिटांच्या आसपास चालणारी. एवढं अंतर कापताना ठोके मिनिटाला दोनशेवीसच्या वर जातात. विश्रांतीत मिनिटाला तीसेक लिटर रक्त फिरवणारं हृदय त्या वेळी दोनशे लिटरांहून अधिक रक्त ढकलतं. दोन ठोक्यांमध्ये खालचे कप्पे आपोआप भरायला सवड उरत नाही, वरच्या कप्प्यांनी जोर लावून ते भरावे लागतात. तो जोर गेला की घोडा शेवटच्या चारशे-पाचशे मीटरांत एकदम रिकामा होतो. जॉकीला, ट्रेनरला, स्टँडमधल्या प्रेक्षकालाही ते दिसतं, आणि घोडा त्याच दिवशी तपासला जातो. घाटातली बारी मात्र अकरा-बारा सेकंदांत संपते. तेवढ्यात हृदयाची परीक्षा होतच नाही. ताल सुटलेली घोडीही घाट चढून जाते, टाळ्या घेते आणि दुखणं अंगात घेऊन पुढच्या यात्रेला जाते. पळताना कोसळली तर तिच्याबरोबर स्वारही जातो.

यंत्राच्या पट्टीवर दिसलं ते कानानं आधीच सांगितलं होतं. एरवी प्रत्येक ठोक्याआधी येणारी छोटी लहर गायब होती आणि तिच्या जागी बारीक दातेरी रेघ. मालकाला वाटलं, आता लगेच इंजेक्शन देतील. मी सांगितलं, दोन दिवस थांबायचं. कित्येक घोड्यांचा ताल चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत आपला आपण परत येतो. अशांना औषध म्हणजे नुसती शिक्षा. हातावर हात ठेवून बसणं हासुद्धा आमच्या कसबाचा भाग आहे, आणि मालकाच्या समोर तेच सगळ्यात अवघड जातं.

दोन दिवसांनीही हृदय बेतालच होतं, म्हणून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. यावरचं जुनं औषध क्विनिडिन. हिवतापावर आपल्या आज्या-पणज्या जे कडू कोयनेल घेत, त्याच सिंकोनाच्या सालीतलं हे भावंड. नाकातून पोटात नळी घालून ते दर दोन तासांनी द्यायचं आणि सगळा वेळ ईसीजीवर डोळा ठेवायचा. ते उलटलंच तर रक्तदाब पडतो, पोटात कळ येते, नाकपुड्यांना सूज येते, ठोके एकदम उसळतात. गोठ्यात किंवा अंगणात करायचं हे काम नाही. दुसरा मार्ग विजेच्या झटक्याचा. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी या शतकाच्या सुरुवातीला ही रीत घोड्यांसाठी बसवली. मानेच्या शिरेतून तारा हृदयापर्यंत न्यायच्या, घोड्याला भूल द्यायची आणि मोजका झटका द्यायचा. कुठलाही मार्ग घ्या, दुखणं नवं असेल आणि हृदय बाकी निर्दोष असेल तर यशाची शक्यता चांगली. चार-सहा महिने अंगावर काढलेलं असेल तर ती घटते, आणि ताल परत सुटण्याची भीती वाढते.

या घोडीचा ताल औषधानंच दुपारनंतर जागेवर आला. मालकाचा पहिला प्रश्न होता, “चैत्रात यात्रा हाय. पळवू का?”

त्याला मी डेन्मनची गोष्ट सांगितली. इंग्लंडमधला हा अडथळ्यांच्या शर्यतीचा घोडा, इतका दांडगा की लोक त्याला ‘रणगाडा’ म्हणत. मार्च २००८ मध्ये त्याने चेल्टनहॅमचा गोल्ड कप जिंकला, तोही आपल्याच तबेल्यातल्या कॉटो स्टारला सात लांब्यांनी मागे टाकून. सप्टेंबरमध्ये कळलं की हृदयाचा ताल सुटलाय. न्यूमार्केटला उपचार झाले आणि ताल परत आला. सगळ्यांना वाटलं, घोडा बरा झाला. फेब्रुवारी २००९ मध्ये केम्प्टनला तो परतला आणि तेवीस लांब्यांनी हरला. महिन्याभरानं गोल्ड कपमध्ये दुसरा आला. नोव्हेंबर २००९ मध्ये, दुखणं कळल्याला चौदा महिने होत आले तेव्हा, न्यूबरीच्या मैदानावर पाऊणशे किलो वजन पाठीवर घेऊन त्यानं हेनेसी गोल्ड कप मारला. पुढे २०१० आणि २०११ मध्येही तो चेल्टनहॅमला दुसरा आला. पुन्हा तिथे पहिला मात्र कधीच नाही.

ताल औषधानं काही तासांत येतो. थरथरून थकलेल्या कप्प्यांना पुन्हा नीट जोर लावायला काही आठवडे लागतात. सुटलेली तालीम पायांत आणि फुप्फुसांत भरायला महिने लागतात, आणि ‘मी पळू शकते’ हा घोडीचा स्वतःवरचा भरवसा कधी येईल ते कुठल्याच यंत्रावर दिसत नाही. या चारही गोष्टी एकाच दिवशी परत येतील असं धरून चालणारा मालक घोडीला दुसऱ्यांदा आजारी पाडतो. नामांकित जनावराच्या बाबतीत हा धोका जास्त, कारण त्याच्याभोवती वाट पाहणाऱ्यांची गर्दी मोठी असते.

ही घोडी सध्या दुडकीवर आहे. घाट यंदा बंद, हे मालकानं कुरकुरत का होईना मान्य केलंय. पावसाळ्यानंतर पळण्याच्या आधी आणि पळून आल्यावर असा दोनदा तिचा ईसीजी काढायचा. ताल टिकला तर ती पळेल. पुन्हा सुटला तर घाट कायमचा संपला, पण घोडी संपत नाही. हृदयात दुसरा दोष नसलेली अशी जनावरं बेताच्या कामावर वर्षानुवर्षं नीट जगतात. भाव मात्र उतरतो. तो माणसाचा हिशेब झाला.

गाडामालकांना माझं एकच सांगणं. यात्रा ठरली की बैलांबरोबर घोडीही डॉक्टरला दाखवा. पाच मिनिटं निवांत उभी करून तिचं हृदय ऐकवा, मग थोडी फिरवून पुन्हा ऐकवा. बारीनंतर दम धरायला नेहमीपेक्षा वेळ लागला, नाकातून रक्ताचा थेंब दिसला, तर त्या दिवशीची पुढची बारी सोडून द्या. आणि डॉक्टरनं ‘थांबा’ म्हटलं, तर थांबा.