पळसाला पाने... शून्य!

बालमित्रांनो, 'कुठेही जा, पळसाला पानं तीनच' ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. पण होळीच्या सुमारास कधी बुलढाण्याहून खामगावकडे निघालात, तर बोथ्याच्या जंगलात पळसाकडे नीट बघा. तीन सोडाच, एकही पान दिसणार नाही! नुसती केशरी फुलं. त्यांवर मैना, बुलबुल यांचा नुसता कलकलाट.

हे जंगल म्हणजे ज्ञानगंगा अभयारण्य. अजिंठ्याच्या डोंगररांगेत सुमारे २०५ चौरस किलोमीटरवर ते पसरलंय. १९९७ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. साग, सालई, धावडा, अंजन, तेंदू ही इथली झाडं. श्रावणात इतकी दाट की दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. आणि फाल्गुनात? सगळी उघडीबोडकी! पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, जंगल वाळून गेलं की काय!

चित्रांच्या पुस्तकांत परदेशातली लाल-पिवळी झाडं तुम्ही पाहिली असतील. तिकडे पानगळ होते सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, थंडी जवळ आली की. आपल्याकडे तेव्हा शरद ऋतू असतो, शेतात कापूस फुटत असतो आणि जंगल बऱ्यापैकी हिरवं असतं. आपली पानगळ येते शिशिरात, म्हणजे माघ-फाल्गुनात. तिकडच्या झाडांना धाक थंडीचा, आपल्या झाडांना पाणीटंचाईचा.

पानांवर बारीक बारीक छिद्रं असतात. त्यांना म्हणतात पर्णरंध्रं. त्यांतून पाण्याची सतत वाफ होत असते. सागाचं पान तर केवढं मोठं! उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की एवढा पाण्याचा खर्च झाडाला कसा परवडणार? मग झाड काटकसर करतं. आधी पानातली कामाची द्रव्यं परत फांदीत ओढून घेतं. हिरवेपणा जातो, पान पिवळं पडतं. मग देठाच्या बुडाशी एक नाजूक थर तयार होतो आणि वाऱ्याच्या झुळकीसरशी पान अलगद सुटतं. फांदीवरची जखमही बंद होते. म्हणजे पान तुटत नाही, झाडच त्याला निरोप देतं!

आता खरी गंमत. पान गळाल्यावर फांदीवर छोटा वण राहतो. त्याच्या अगदी वर बघा, मिटलेला एक इवलासा कोंब दिसेल. जुनं पान जागेवर असतानाच नव्याची तयारी सुरू झालेली असते! आमच्या वर्गातल्या मुलांना भिंगातून हा कोंब दाखवला, तर एकजण म्हणाला, "गुरुजी, हे तर झोपलंय!" खरंच, झोपलेलंच असतं ते.

पळसाला ते चैत्र-वैशाखात जाग येते. भर उन्हात, पावसाचा थेंब नसताना! पाणी कुठून येतं? पानं गळाल्यामुळे खर्च थांबलेला असतो. खोल गेलेली मुळं जे थोडंथोडं पाणी आणतात, ते खोडात साठतं. त्या शिलकीवर पालवी फुटते. साग मात्र घाई करत नाही. बहुधा तो पावसाची चाहूल लागेपर्यंत थांबतो. वर्गातही असंच असतं ना? कुणाला गणित लवकर उमगतं, कुणाला उशिरा. उशिरा फुटणारं झाड वाळलेलं नसतं.

आणि खाली पडलेली पानं? ती वाया गेली असं समजू नका. वाळवी, गांडुळं, बुरशी त्यांची माती करतात. डोंगरउतारावर मातीचा थर मुळातच पातळ. पहिला वळवाचा पाऊस कोसळतो तेव्हा हा पाचोळा पाण्याचा मारा झेलतो, माती वाहू देत नाही. त्याच मातीत पुढच्या वर्षीची पानं वाढतात.

म्हणूनच वणव्याची भीती वाटते. कुठे मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून पाचोळा पेटवतात, तर कुठे कुणी जळती विडी टाकतं. वाळलेलं रान भराभर पेटतं. पाचोळ्याबरोबर कोवळी रोपं, जमिनीवरची अंडी, किडेमुंग्या सगळं जळतं. नव्या वर्षाची शिदोरीच राख होते! वनखातं जाळरेषा काढतं, वनरक्षक उन्हातान्हात आग विझवतात. पण आग लागूच नये, हे तर आपल्याच हातात आहे.

मग एवढं करा. शाळेच्या किंवा घराच्या अंगणातला पाचोळा पेटवू नका. कोपऱ्यात एक खड्डा करा, पानं टाका, वर माती आणि थोडं पाणी. काही महिन्यांनी काळंभोर खत मिळेल. जंगलाजवळ धूर दिसला तर लगेच मोठ्यांना सांगा. आणि हो, आजच दारातल्या एखाद्या झाडाची डहाळी न तोडता बघा. पानाच्या देठापाशी मिटलेला कोंब सापडतोय का?