मामांचं देणं

चौक गावातल्या आमच्या परसात दोन आंबे, एक फणस, एक जांभूळ आणि दाराशी बकुळ आहे. यातली बहुतेक झाडं सासऱ्यांनी लावली. ती टिकली ती मामांमुळे. झाडाकडे कसं बघायचं हे मामांनी मला शिकवलं आणि ते शिकत शिकतच मी या गावची झाले. हे देणं फिटण्यातलं नाही. निदान लिहून ठेवावं एवढीच इच्छा.

मामा इर्शाळगडाच्या बाजूच्या एका ठाकरवाडीतले. सासूबाई त्यांना भाऊबीजेला ओवाळत, म्हणून घरादाराचे ते मामा. भातशेतीची कामं आटोपली की लोकांचे आंबे उतरवून देणं, वाळक्या फांद्या काढणं, घरावर आलेली झाडं हलकी करणं यावर त्यांचं चाले. मी गिरगावातल्या चाळीतून लग्न होऊन इथे आले. झाडाला पाणी घालावं आणि फळ खावं, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं.

मागच्या आंब्याच्या बुंध्याशी तेव्हा लाकडाचा बारीक भुसा पडलेला असे. मी तो केराबरोबर लोटत होते, तोच मामा म्हणाले, "सूनबाय, केर नाय तो. वर बघ, कुठून येतोय." भुशाच्या रेषेवरून ते बोट फिरवत वर गेले. छातीएवढ्या उंचीवर सालीत एक भोक होतं, त्याच्या तोंडाशी डिंक आलेला. मामांनी सायकलच्या चाकाची तार घेतली, टोक वाकवून आकडा केला, आत सारली आणि हात अगदी हलका ठेवून फिरवत राहिले. बऱ्याच वेळाने तारेबरोबर एक जाड, पिवळट पांढरी अळी बाहेर आली. भिरूड. याचा भुंगा सालीच्या फटींत अंडी घालतो आणि अळी महिनोन्‌महिने आतून खोड पोखरते. वरून झाड हिरवंगार दिसतं आणि मग अचानक एखादी अख्खी फांदी वाळते. मामांनी भोकात औषधाचा बोळा घातला, वरून चिखल लिंपला आणि मला काम दिलं: रोज बघायचं, ताजा भुसा पडला तर सांगायचं. त्या दिवसापासून बुंध्याशी थांबल्याशिवाय माझा केर पुरा होत नाही.

मामांच्या हातात कोयता असे, पण तो लवकर उचलला जात नसे. आधी झाडाभोवती एक फेरी. पानं कुठे विरळ झाली आहेत, बांडगूळ कुठे चिकटलंय, दोन फांद्यांच्या बेचक्यात पाणी साचतंय का, खोड ठोकल्यावर पोकळ वाजतं का. मग घरच्यांना विचारणार, यंदा मोहर कोणत्या बाजूला आला, इथे काही खणलं होतं का. तोवर त्यांच्याशी दुसरं काही बोलायची सोय नसे. कितीदा तर फेरी झाल्यावर ते "काय करायचं नाय" म्हणत आणि चहा घेऊन निघून जात. अशा दिवशी त्यांना पैसे द्यायचे असतात हे आमच्या घरात कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. याची मला आज फार रुखरुख वाटते. त्या एका वाक्यामागे किती वर्षांचं पाहणं होतं! डॉक्टरने औषध लिहून दिलं नाही म्हणून आपण त्याची फी ठेवून घेत नाही.

घराची दुरुस्ती काढली तेव्हा मिस्त्रीने अंगण सपाट करायला मुरूम टाकला आणि पुढच्या आंब्याभोवती चांगला हातभर भराव झाला. दिसायला अंगण सुरेख झालं. मामा आले, बुंध्याकडे बघितलं आणि घमेलं मागून घेतलं. झाडाचं खोड जमिनीत शिरताना पसरतं, तो पसारा उघडा दिसला पाहिजे. खांबासारखं सरळ आत गेलेलं दिसलं की समजावं, ते गाडलं गेलंय. अन्न घेणारी मुळं वरच्या हात-दीड हात मातीतच असतात आणि त्यांना हवा लागते. संध्याकाळपर्यंत मामांनी भराव उपसला. खत बुंध्याशी ओतायचं नसतं, फांद्यांची सावली जिथे संपते तिथे चर काढून घालायचं, हेही तेव्हाच कळलं. आमचं शेणखत दर जूनमध्ये तसंच पडतं.

यजमान गेले आणि झाडांचा निर्णय माझ्या एकटीवर आला. पावसाळ्याच्या तोंडावर यंत्राच्या करवती घेऊन माणसं दारी येत. म्हणत, लाकूड आम्हाला द्या, छाटणी फुकट. एकट्या बाईला हे सोयीचं वाटतं. मामांनी सांगितलं, "लाकूड ज्याला पायजे, त्याला झाडाचं इचारू नको." कुणाला काम द्यावं यासाठी याहून चांगली कसोटी मला अजून सापडलेली नाही. शिवाय आंबा, फणस, जांभूळ, चिंच ही सगळी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीतली झाडं. स्वतःच्या परसातलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही, हेही त्या माणसांपैकी कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे मी या विषयावरचं मिळेल ते वाचू लागले. ॲलेक्स शायगो नावाचे अमेरिकी वनशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी हजारो झाडं उभी चिरून आतली कूज पाहिली. झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही, झाड तिच्याभोवती भिंत घालून तिला कोंडून टाकतं, असं त्यांनी दाखवलं. फांदी जिथे खोडाला मिळते तिथला फुगवटा म्हणूनच राखायचा; खोडाशी सपाट कापायचं नाही आणि लांब खुंटही ठेवायचा नाही. वाचताना मला मामांची करवत दिसत होती. आधी थोडं पुढे खालून खाच, मग त्याच्याही पुढे वरून काप, म्हणजे साल सोलत जात नाही. शेवटी उरलेला तुकडा फुगवट्याच्या लगेच बाहेरून. जखमेला लेप लावून कूज थांबत नाही, असं शायगो म्हणत. मामा मात्र कापावर बोर्डो मलम लावत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या भागातले बागायतदारही एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी असं ते करतात. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या या मुलखात मी मामांचंच ऐकते.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि आमच्यावरून ईशान्येकडे गेलं. पत्रे उडाले, खांब वाकले, कित्येक दिवस वीज नव्हती. आमच्या जांभळाची मोठी फांदी मोडली आणि फणसाचं तेव्हा लहान असलेलं झाड कलंडलं. सगळीकडे करवती चालू होत्या. उभी राहिलेली झाडंही लोक भीतीने काढत होते आणि ती भीती मला समजत होती, कारण मलाही ती होती. मामा चिखल तुडवत आले. फणसाची अर्धी मुळं जमिनीत शाबूत होती. ओल होती तोवर त्यांनी ते दोराने हळूहळू उभं केलं, तीन बाजूंनी आधार दिला, मुळांवर माती ओढली. आंब्यांना त्या दिवशी हातही लावला नाही. जांभळाचा फाटलेला खुंट मात्र नीट कापून दिला, तोही वायरमनकडून लाईन बंद असल्याची खात्री करून घेतल्यावर. वीज नसतानाही त्यांनी ते विचारून घेतलं.

आता मामा झाडावर चढत नाहीत. त्यांचा पुतण्या चढतो, कमरेला पट्टा आणि डोक्यावर हेल्मेट घालून. पट्टा मी आणला, तेव्हा मामांनी तो आधी स्वतःच्या कमरेला बांधून, फांदीला लोंबकळून तपासला. कर्जत-चौक भागात नवी बंगलेवाली मंडळी माझ्याकडे झाडांच्या माणसाची चौकशी करतात. मी पुतण्याचा नंबर देते आणि सांगते, त्याच्या नुसत्या फेरीचेही पैसे द्या. पुढच्या आंब्याच्या पूर्वेकडच्या फांदीवर बांडगूळ वाढलंय. ते नुसतं खुडलं तर पुन्हा फुटतं, चिकटल्या जागेच्या खालून फांदी काढावी लागते. पुतण्या लगेच काढायला तयार होता. मामा पाऊस उघडायची वाट बघायला सांगताहेत, म्हणून काम ऑक्टोबरवर ठेवलंय.