अंगठ्याविना चार बटणं

रविवार, 6 ऑक्टोबर 2024, वसमत

भाचा नवरात्रासाठी आलाय. गेल्या उन्हाळ्यात कडबाकुट्टीत त्याच्या उजव्या हाताचा अंगठा गेला. जखम भरली, पण हात खिशातून बाहेर येत नाही. आज दुकानात दुरुस्तीला आलेलं एक पॅड मी तपासत होतो, तेव्हा त्यानं ते हळूच उचललं. संगणकावर 'किंग ऑफ फायटर्स 97' सुरू करून दिलं. दोन मिनिटांत पॅड टेबलावर.

"मामा, अंगठ्याबिगर जमना."

त्याचं खरं आहे. पॅड अंगठ्यांसाठीच घडलेलं आहे. अधिकच्या चिन्हासारखं दिशेचं बटण निन्टेंडोच्या गुनपेई योकोईंनी 1982 साली 'डाँकी काँग'च्या खिशातल्या खेळासाठी आणलं. पुढच्या वर्षीच्या फॅमिकॉमवर ते आलं आणि तिथून सगळ्या जगानं घेतलं. डावा अंगठा दिशांना, उजवा मारायच्या बटणांना. तर्जनी वरच्या कडेच्या बटणांवर जातात. बाकीची बोटं मागून नुसता आधार देतात. या खेळातली मारायची चारही बटणं उजव्या अंगठ्याच्या वाट्याची. तोच नसेल तर पॅड धरताही येत नाही.

रात्री झोप लागली नाही. मी हा खेळ शिकलो तेव्हा अंगठा लागायचाच कुठे?

सोमवार, 7 ऑक्टोबर

तेव्हा आपण अजून परभणी जिल्ह्यात होतो. हिंगोली वेगळा झाला 1 मे 1999 ला. पत्र्याच्या शेडमध्ये तीन मशिनं, एका रुपयाला एक डाव. एकावर कायम 'मुस्तफा'. 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हे त्याचं नाव आम्हाला फार उशिरा कळलं. दुसऱ्यावर 97. डाव्या मुठीत दांडी, उजवा पंजा बटणांवर पसरलेला, पेटीवर पहिली ओळ वाजवताना ठेवतात तसा. ए म्हणजे हलका पंच, बी हलकी लाथ, सी जोराचा पंच, डी जोराची लाथ. चार बटणांना चार बोटं, अंगठा मोकळा हवेत.

म्हणजे भाच्याच्या हातात त्या मशीनला लागणारं सगळं शाबूत आहे.

मशीनवर बटणं कशी ठेवायची हे सुरुवातीला कंपन्यांनाही ठाऊक नव्हतं. 1987 च्या पहिल्या 'स्ट्रीट फायटर'च्या एका मशीनवर पंच आणि लाथेला एकेक मोठी रबरी गादी होती. जितक्या जोरानं हाणाल तितका मोठा फटका. गाद्या टिकेनात आणि खेळणाऱ्यांचे हात दुखू लागले. मग तीन पंच, तीन लाथा अशी सहा बटणं आली, आणि 1991 च्या दुसऱ्या भागानं तीच पद्धत पक्की केली. जोर मनगटातून काढून बटणाच्या जागेत ठेवला. मला हा बदल फार मोठा वाटतो.

बुधवार, 9 ऑक्टोबर

आधी फुकटातला उपाय म्हणून कीबोर्ड. डावा हात दिशांना, उजवा चार अक्षरांवर. भाच्याचे डोळे चमकले, पण खाली-पुढे धरून पंच दाबला की कधी लागतो, कधी लागत नाही. त्याला वाटलं आपलंच चुकतंय. मी दुसरा जुना कीबोर्ड उघडून दाखवला. आत प्लास्टिकचे तीन पातळ कागद. वरच्यावर आडव्या रेषा, खालच्यावर उभ्या, मधल्याला भोकं. बटण दाबलं की आडवी उभीला टेकते. पण एका चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले की चौथा कोपराही दाबल्यासारखा दिसतो. कोणता खरा हे चिपला ओळखू येत नाही, म्हणून ती तिसरं बटण सोडूनच देते. प्रत्येक बटणाला एक डायोड लावला असता तर हे टळलं असतं, पण स्वस्त कीबोर्डात तो नसतो.

"म्हंजे चूक माझी नव्हती," तो म्हणाला. बराच वेळ तो उघडा कीबोर्ड घेऊन बसला.

रविवार, 13 ऑक्टोबर

काल दसरा झाला, आज त्याला हिंगोलीला रामलीला मैदानावरच्या प्रदर्शनात नेलं. आकाशपाळणे, फुगे, बंदुका. बंदुकीपाशी थांबला आणि पुढे निघाला. मी आग्रह केला नाही. येताना एसटीत सांगितलं, "दांडी नसलेली पेटी करतो तुला. दिशांनाही बटणंच."

अशा पेट्या बाहेर मोठे खेळाडू वापरतात. दांडी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना मध्यातून जाते. बोटांना तो प्रवास नाही. कुणी आपल्याला कमीपणाचं काही देतंय असं त्याला वाटू नये, म्हणून हे सांगितलं. अमेरिकेच्या माइक बेगम यांच्याबद्दलही सांगितलं. जन्मापासून हातपाय आखडलेले. पॅडवर तोंड टेकवून 'स्ट्रीट फायटर'मधली चुन-ली इतकी खेळले की भले भले हरले. याच वर्षी ते गेले. भाच्यानं खिडकीबाहेर बघत विचारलं, "तोंडानं?"

रविवार, 20 ऑक्टोबर

आठवडाभर रोज दुकान बंद केल्यावर हेच काम. सुताराकडून बारा मिमी प्लायचा उरलेला तुकडा. बटणांसाठी 24 मिमीची भोकं, उडीसाठी एकच 30 मिमीचं. मेंदू म्हणजे रास्पबेरी पाय पिको, बोटाएवढी पट्टी. तिच्यावर 'जीपी2040-सीई' हा फुकट मिळणारा प्रोग्राम चढवला. प्रत्येक बटणाची एक तार आपापल्या पिनला, दुसरी सगळ्यांची मिळून ग्राउंडला. दाबलं की पिनवरचे 3.3 व्होल्ट शून्यावर येतात आणि संगणकाला पॅड जोडल्यासारखं दिसतं. इथे प्रत्येक बटणाला स्वतःची पिन असल्यानं चौकोनाचा घोळ नाही.

डाव्या हाताला डावं, खालचं, उजवं एका ओळीत, आणि उडीचं मोठं बटण खाली मधोमध. नेहमी ते दोन्ही अंगठ्यांना मिळून असतं. मी ते डाव्या अंगठ्याकडे सरकवलं.

एक गोष्ट ठरवायची राहिली होती. दांडी एका वेळी डावी-उजवीकडे जाऊच शकत नाही. बटणं मात्र दोन्ही दाबता येतात. मग खेळानं काय समजायचं? मागं धरून ठेवलेलं असताना पुढं नुसतं टिचकावून फायदा घेता येतो, म्हणून कॅपकॉमनं 2023 मध्ये आपल्या स्पर्धांसाठी नियम केला की दोन्ही दाबले तर काहीच नाही. मी पिकोतही तेच लावलं. शिकायचं तर सरळ नियमानं शिकावं.

रविवार, 3 नोव्हेंबर, भाऊबीज

जुना लॅपटॉप आणि पेटी घेऊन ताईकडे गेलो. ओवाळणी झाली. ताईला पेटी म्हणजे वायरिंगचा बोर्ड वाटला.

भाच्यानं आयोरी निवडला. मी क्रम सांगितला: खालचं धर, तसंच ठेवून पुढचं दाब, मग खालचं सोड आणि पंच. सेकंदाचे साठ भाग केले तर हे सगळं दहा-पंधरा भागांत बसवायचं. पाचव्या खेपेला जमिनीवरून जांभळी आग धावली. ताई चहा घेऊन दारातच थांबली.

तासाभरानं तो म्हणाला, "मामा, राग नको धरूस. बटणं चुकलीत."

मी चारही ओळीनं लावली होती, शेडमधल्या मशीनवर होती तशी. त्यानं उजवा हात टेबलावर ठेवला. खेळत नसतानाही खिशाबाहेर, पहिल्यांदाच. तर्जनी आणि मधलं बोट जोडून दाखवलं. "ही दोघं दिवसभर पेन धरतेत. रात्री ठणकतेत. जोराचा पंच करंगळीशेजारी आहे ते बरंय, पण हलका पंच सारखा लागतो, तो यांच्यावर नको."

ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी पिशवीतून पेचकस काढून दिला. झाकण त्यानंच उघडलं, पेचकस दोन बोटांत धरून. कोणती तार कुठं हे मला विचारलं नाही. पिनांवरचे आकडे वाचत एकेक काढत गेला.