फिल्म टिकते ती धुण्यावर

पीपीएफ, म्हणजे गाडीचा रंग जपणारी पेंट प्रोटेक्शन फिल्म, बसवायला आलेल्या गाडीमालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती वर्षं टिकेल? वॉरंटीच्या कागदावर पाच किंवा दहा वर्षं लिहिलेली असतात. तरी या धंद्यात माझं मत पक्कं झालं आहे की फिल्मचं वय गाडी कशी धुतली जाते यावर ठरतं. चांगली फिल्म पॉलियुरेथेनची असते, जाडी साधारण 150 ते 200 मायक्रॉन. उडालेल्या खडीचा मार ही जाडी सोसते. पण बारीक ओरखडे उन्हाने किंवा गरम पाण्याने भरून येणं, डाग न धरणं, चमक राखणं ही कामं तिच्यावरच्या अगदी पातळ टॉपकोटची. तोच रोज झिजवला जातो. पार्किंगमधल्या साऱ्या गाड्यांना एकच बादली, एकच फडकं. त्या फडक्यातली धूळ पॉलिशपेपरसारखी घासते. बोअरचं पाणी उन्हात वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके बसतात. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी. तापलेल्या बॉनेटवर ती काही तासांतही डाग पाडू शकते.

कुणी म्हणेल, स्वस्त फिल्म कितीही जपली तरी पिवळी पडतेच. खरं आहे, पीव्हीसीची फिल्म उन्हाने पिवळी आणि कडक होते, तिथे निगेचा इलाज चालत नाही. म्हणून माल आधी पारखून घ्यावा. पण उत्तम मालही निष्काळजी हातांत लवकर निस्तेज होतो. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे : एवढं जपायचं, तर फिल्म हवीच कशाला? कारण कारखान्यातून आलेल्या रंगावरचा क्लिअर कोट जेमतेम 40-50 मायक्रॉनचा असतो. प्रत्येक पॉलिशला तो थोडा कमी होतो आणि गेलेला परत येत नाही. फिल्म मात्र बदलता येते. तीही वेळेत काढावी. तडकेपर्यंत ठेवली तर तुकड्या-तुकड्याने निघते आणि गोंद मागे राहतो.

तेव्हा गाडी सावलीत, आधी भरपूर पाण्याने भिजवून, सौम्य शाम्पू आणि स्वच्छ मायक्रोफायबरने धुवा. प्रेशरचा फवारा कडांपासून लांब ठेवा. विष्ठा दिसताच भिजवून अलगद उचला. वॉरंटीची वर्षं विचारण्याआधी आपली गाडी रोज कोणत्या फडक्याने पुसली जाते, ते पाहून या.